धाकट्या जावेची कॉल्पोस्कोपी

माझ्या माहेरच्या पणजोबांनी संस्थानच्या फौजेत असताना एकाच सकाळी एक वाघ, काही दरोडेखोर आणि एक गोरा साहेब पळवून लावला होता. साहेबाबद्दल मला थोडी शंका आहे. असं रक्त अंगात असल्यावर माझी कॉल्पोस्कोपी साधीसुधी कशी होणार? सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत ती हकीकत मी इतक्यांदा सांगितली, की यंत्र वाढत वाढत बाजव्याच्या रिफायनरीच्या चिमणीएवढं झालं आणि डॉक्टरबाईंच्या हातातला चिमटा सांडशीएवढा.

मग धाकट्या जावेच्या गर्भाशयाच्या तोंडाची पॅप टेस्ट बिघडलेली आली आणि तिलाही कॉल्पोस्कोपी करायला सांगितलं. बाईने लोणचं घातलं, माळा आवरला, प्रतापनगरला तिच्या मावशींकडे दोनदा जाऊन आली. दवाखान्याची पायरी मात्र चढेना. घरात सगळे समजावून थकले. शेवटी तिनेच मला ओट्यापाशी गाठलं.

"ताई, एकदाच मीठमसाला न घालता सांगा. काय करतात?"

असा बाका प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. पण तिचे डोळे पाहिले आणि सांगितलं. यंत्र बाहेरच राहतं, ते नुसतं मोठं भिंग. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं औषध लावतात, जरा चुरचुरतं. पेशी बदललेल्या असतील तर तेवढी जागा पांढरी दिसते. तिथला कणभर तुकडा तपासायला घेतात तेव्हा चिमटा बसतो, पाळीत दुखतं तसं दुखतं. नंतर थोडं रक्त जातं. झालं.



"तुम्ही इतकं थोडक्यात बोललात, म्हणजे खरंच असणार," ती म्हणाली आणि स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली.

तपासणी झाली. रिपोर्ट घ्यायलाही दोघीच गेलो. त्यावर 'सीआयएन वन' वाचून ती पांढरीफटक पडली. कॅन्सरची पहिली पायरी, असंच तिनं धरलं.

"ना बेन, आ कॅन्सर नथी," डॉक्टरबाई म्हणाल्या. हा पेशींमधला सौम्य बदल, बहुतेकींचा आपोआप जातो. आता उपचार काही नकोत, पण वर्षाने पुन्हा तपासायचंच, तिथे टाळाटाळ नाही.

बाहेर येऊन तिनं सेवउसळीच्या सात प्लेटा उडवल्या. बरं, दोन.

"पुढच्या वर्षीही तुम्हीच चला," ती तोंड पुसत म्हणाली. "फक्त वाटेत बोलू नका."