बिशपसाहेबांचा रुमाल

सेलूच्या घाण्यावर करडईच्या तेलाचा वास आला, की मला गोऱ्या बिशपसाहेबांचा रुमाल आठवतो. आम्हा ख्रिस्ती मुलींच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायला ते जीपमधून गावात आले होते. सणासारखं आईनं माझ्या डोक्यावर तेल थापलं. म्हणाली, "देवाच्या मानसापुढं कोरड्या डोक्यानं जाती का?"

साहेबांनी हात ठेवला, आणि लगेच रुमालानं बोटं पुसली. प्रार्थना संपल्यावर आईनं तो रुमाल मागून घेतला, साबणानं धुऊन, वाळवून परत दिला. घरी जाताना मी तिच्याशी बोलले नाही.

त्यांच्या चरित्रात त्यांच्या मायेच्या हातावर अख्खं प्रकरण आहे. मला मात्र तेव्हा लाज आईची वाटली. ती साहेबांची वाटायला हवी होती, हे कळेपर्यंत आईला माती देऊन झाली होती.