कोनाड्यातली बाग

केळापूरचा भीमराज डाकबंगल्याचा माळी होता. माळी म्हणजे काय, तर शेजारच्या पांढरकवड्याच्या त्या बंगल्यापुढं कण्हेरीची सात झाडं, शेवंतीचा एक वाफा आणि कुंपणाची मेंदी. एवढ्यावर माणसानं किती ऐट करावी? पण भीमराज शेवंतीला पाणी घालू लागला की वाटे, हा एखाद्या राजाच्या बागेचा कारभारी आहे आणि राजा जरा बाहेरगावी गेलाय.

ही ऐट त्याला चढली एका पुस्तकामुळं. बदली झालेल्या कुण्या इंजिनियरच्या बायकोनं सामान बांधताना ते टाकून दिलं, मागचा पुठ्ठा वाळवीनं खाल्ला होता म्हणून. आतली बागांची रंगीत चित्रं वाळवीला रुचली नसावीत. पुस्तक इंग्रजी, भीमराज मराठी चौथी. त्यामुळं मजकुरानं त्याचं डोकं कधी खाल्लं नाही. तो सरळ बागेतच शिरायचा.

रोज कामावरून आला की एक पान उघडायचा. एकच. दुसरं उलटायचं नाही, जीव गेला तरी. उन्हाळ्यात कमळाच्या तळ्याचं पान. ते बघताना म्हणे पाठीला गार लागायचं. पावसाळ्यात गुलाबांची कमान. आणि वेचणीच्या दिवसांत ते पांढरं पान: झाडं, कुंपण, बाकडी, सगळं पांढरं. हा कापूसच, याबद्दल त्याला शंका नव्हती. उलट त्या लोकांची कीव यायची. इतका माल फुटलाय आणि वेचायला एक बाई नाही.

पुस्तक ठेवलं कुठं, तर कोनाड्यात. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं घरोघरचे देव गोळा केले आणि खुनी नदीत सोडले. नदीचं नाव भयंकर आहे, पण देव तिनं निमूट घेतले. बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर लागली आणि कोनाडा रिकामा झाला. घरात तेवढी एकच जागा अशी, की जिथं उंदीर चढत नव्हता आणि वरचं कौल गळत नव्हतं. देवांना ती उगाच नव्हती दिली.

घोटाळा केला मायनं. मथुराबाईनं चाळीस वर्षं सकाळी उठून त्या कोनाड्यात फूल ठेवलं होतं. तिच्या डोक्यानं दीक्षा घेतली होती, हातानं अजून घ्यायची होती. दीक्षेला वर्ष उलटून गेल्यावर एके सकाळी, अर्धवट झोपेत, तिनं झेंडूचं फूल पुस्तकापुढं ठेवलं आणि वर हात जोडले. नेमका त्याच वेळी बळीराम विस्तव मागायला दारात. बळीराम कापसाच्या जिनात कामाला, वस्तीच्या मंडळाचा म्होरक्या, आणि त्याला सकाळी काही दिसलं की दुपारपर्यंत ते गावातल्या सगळ्या विहिरींवर पोचलेलं असे. भीमराजनं नवा देव आणला, कागदाचा. रंगीत आहे. संध्याकाळपर्यंत तो नवसालाही पावू लागला होता.

तेव्हा मंडळ दारात आलं. देव गेले त्याच वाटेनं हे पुस्तकही नदीत जाऊ दे, नाहीतर मंडळातून तुझं नाव कमी, असं बळीरामनं सांगून टाकलं. आता हे नाव म्हणजे गंमत नव्हती. बुद्धजयंतीची फुलं आणि तोरणं भीमराजच्या हाती होती, आणि वर्षातून तेवढा एक दिवस सगळी वस्ती, बळीरामसकट, त्याचा हुकूम ऐकायची.

भीमराज म्हणाला, शोधा. यात एक देव दाखवा, मी स्वतः नेऊन बुडवतो.

बाजेवर पुस्तक उघडलं गेलं आणि झडतीला आलेली माणसं घटकाभरात पाहुणी होऊन बसली. म्हातारा मारोती तर कमळाच्या तळ्यात इतका वाकला की त्याला मागं ओढावं लागलं. पांढऱ्या पानावर बळीराम अडला. यात बोंड कुठंय? बिनबोंडाचा कापूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता. भीमराजचं म्हणणं, तिकडची जात वेगळी असेल. यावर एवढी हुज्जत झाली की देवाचा विषय कुणाच्या ध्यानातही राहिला नाही. मग मारोतीनं पान उलटलं. हौदाच्या मधोमध एक दगडी बाई, खांद्यावर घडा.

सगळे पानावर वाकले. भीमराजही. हे पान त्यानं कितीदा पाहिलं होतं, पण नजर कायम हौदाकाठच्या निळ्या फुलांवर. बाईकडे कोण बघतो?

"देवी हाये," बळीराम म्हणाला.

"नळ हाये, भाऊ," भीमराज म्हणाला. "घड्यातून पाणी पडून राह्यलं, पाहा नं."

"दगडाची हाये."

"तुमच्या घरचा पाटाही दगडाचाच हाये."

"पाट्याले तोंड नसते."

मारोती फसकन हसला. बळीराम आधी तापला, मग नरमला. बाकीचं पुस्तक राहू दे, एवढं एक पान फाड, म्हणाला. त्याला पुढची पानं बघायची होती, हे न कळण्याइतकं तिथं कुणी भोळं नव्हतं. मायही म्हणाली, फाड बाप्पा, एका पानानं काय होते.

भीमराजनं पुस्तक मिटलं.

"पान नाही फाडणार. अन् कोनाड्यातूनही नाही काढणार. तिथं काय ठेवाचं हे आजवर दुसऱ्यानंच ठरवलं. माह्या बापाले कोणी इचारलं नाही. नागपूरले कायले गेलतो आपण, भाऊ? माह्याच कोनाड्यासाठी आता तुमची परवानगी घ्याले?"

नाव तिथल्या तिथं कमी झालं. पुस्तक कोनाड्यात गेलं.

पुढच्या जयंतीला तोरणं बळीरामनं बांधली. पहिलं भाषण संपायच्या आत त्यातली दोन खाली आली. भीमराज गर्दीत उभं राहून नुसता वर बघत राहिला, आणि तेच बळीरामला फार लागलं. मायला भीमराजनं सांगितलं, फूल झाडावरच राहू दे. तिनं ऐकलं. पण सकाळी हात कोनाड्याकडे जायचाच, म्हणून तिनं पदरानं पुस्तक पुसायला सुरुवात केली. पुसण्याविरुद्ध मंडळाचा ठराव नव्हता.

बासष्ट साली पुस्तकाची शिवण सुटली. हे बळीरामला कसं कळलं ते विचारू नका. जिनातल्या गाठी शिवायची पक्की सुतळी घेऊन तो आला आणि भीमराज दाभण चालवत असताना पानं सरळ धरून बसला. तुझं नाव पुन्हा घालतो, असं तो म्हणाला नाही. भीमराजनं विचारलं नाही. शिवून झाल्यावर त्यानं मुद्दाम त्या दगडी बाईचंच पान काढलं आणि पुस्तक बळीरामच्या मांडीवर ठेवलं. बळीरामनं ते पान दिवस मावळेपर्यंत उलटलं नाही.