पट्ट्याखालचे ठिपके

काल कपाट आवरताना रक्तदाब मोजायचा जुना पट्टा हाती आला. रबराच्या त्या वासासरशी मी मनाने जामसरच्या आरोग्य उपकेंद्रात पोचले, जिथे मी नर्स होते, भातलावणीच्या दिवसांत.

समोर जनी बसली होती. चार दिवस तापलेलं तिचं अंग त्या सकाळी गार लागलं, म्हणून माझ्या यादीत मी ‘ताप उतरला, घरी’ असं लिहूनही टाकलं होतं.

तिची सासू पिशवी घेऊन उठली. “चल गं. भाताची आवणी खोळंबलीय. म्हणं डोळ्यामागं दुखतं. चिखलात उतरली का सगळं राहील.”

डोळ्यामागे दुखतं, हे ऐकून मी थांबले. जनीच्या दंडाला पट्टा बांधला आणि पाच मिनिटं फुगवून ठेवला. कोपऱ्यातल्या ओल्या इरल्याचं पाणी टपटपत होतं. पट्टा सोडला तेव्हा कोपराखाली बारीक लाल ठिपके दाट उठले होते.

“मच्छर चावलं असतील,” सासू म्हणाली.

“एकच चावला असेल मावशी, पण डेंग्यूचा. हे ठिपके चाव्याचे नाहीत, कातडीखाली रक्त झिरपलंय. ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं. आत्ताच जव्हारच्या दवाखान्यात चला, रक्त तपासू.”

तिथल्या तपासणीत कळलं, रक्तातल्या प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या. जनी आठवड्याने चालत घरी गेली.

यादीतली ती ओळ मी तेव्हाच खोडली. आजही कुणाचं कपाळ गार लागलं, की लिहिण्याआधी मी दंडाला पट्टा बांधून बघते.