घडीवालीच्या हातात आलेला घरभेदी

घडीवालीला खोटं बोलता येत नाही, हे लाँड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं. बावीस वर्षं इस्पितळांच्या चादरींच्या घड्या घालून तिची बोटं वाकली, जीभ मात्र सरळच राहिली. नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशी मुकादम म्हणाला, "झालं का रडून?" तिने ओली चादर त्याच्या तोंडावर मारली आणि त्याच आठवड्यात संघटनेची पहिली बैठक घेतली. शिक्षण चौथी पास. पण कायदा विचारला तर कलमासकट सांगायची.

संघटनेचा चिटणीस म्हणजे तिचा घडीचा जोडीदार. मोठी चादर एकट्याने आवरत नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहून ताणायची, मग चालत येऊन टोकं जुळवायची. यंत्रांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही. कधी ताणायचं, कधी पुढे यायचं, सगळं डोळ्यांनी. अकरा वर्षं हेच चाललं होतं. तो तिला वहिनी म्हणायचा, आणि दिराच्या हक्काने तिच्या डब्यातलं खायचा.

त्या महिन्यात तिघींना कामावरून काढलं. तिघींची सही मागणीपत्रावर होती, आणि ते पत्र तर अजून मालकाला दिलंच नव्हतं. सोमवारी द्यायचं होतं. सह्या एकेचाळीस, पत्र चिटणीसाच्या पिशवीत. नावं आधीच पोचवतंय कोण? माणसं एकमेकांकडे पाठ करून जेवू लागली.

"जरा हसूया तरी," म्हणत इस्त्रीवालीने रविवारी दुपारी सात जणांना घरी बोलावलं. टीव्हीवर एक मालिका गाजत होती: मोठं घर, रोज एक मुडदा, मारणारा घरातलाच. तिच्यावरून पत्त्यांचा खेळ निघाला होता. पत्ते वाटायचे, एकालाच घरभेद्याचा. पडदे ओढून सगळ्यांनी डोळे मिटायचे. इस्त्रीवालीने हाक दिली की फक्त घरभेद्याने डोळे उघडून एकाकडे बोट करायचं. तो मेला. मग उरलेल्यांनी भांडून कुणावर तरी संशय घ्यायचा आणि हात वर करून त्याला हाकलायचं. मेलेले, हाकललेले आतल्या खोलीत.

"मेल्यावर चहा मिळतो का?" धुलाईवाल्याने विचारलं.

"मेल्यावर तरी गप्प बसा, भाऊ!"

घडीवालीने पत्ता उचलला. घरभेदी. कपाळ माझं, ती मनात म्हणाली.

पडदे ओढले. डोळे मिटले.

"घरभेद्या, डोळे उघड."

तिने उघडले. अंधुक उजेडात मिटलेले चेहरे, पांढरेफटक, चादर ओढायचीच बाकी असल्यासारखे. आणि त्यात दोन डोळे उघडे. चिटणीसाचे.

चोरून बघणारा फटीतून बघतो. हा पूर्ण उघडा होता. नावाने हाक मारल्यावर माणूस बघतो तसा इस्त्रीवालीच्या दिशेने बघत होता. मग मान हळूच घडीवालीकडे वळली. अकरा वर्षं ओळखीचे डोळे, पण त्यांत आता कुणीच नव्हतं. ते सावकाश मिटले.

कसंबसं तिने धुलाईवाल्याकडे बोट केलं.

पडदे उघडले. धुलाईवाला "मेलो बुवा" म्हणत आत गेला, आणि घडीवाली फाडकन बोलली, "चिटणीसांनी डोळे उघडले होते. मी पाहिलं."

"मग तूही उघडलेस की गं!" एकच हशा पिकला.

"अगं, खेळातलं नाही सांगत मी!"

"वहिनींना खोटं जमत नाही," चिटणीस शांतपणे म्हणाला. पाच हात वर झाले. इस्त्रीवाली पुढच्या डावाचे पत्ते पिसू लागली आणि हाकललेली घडीवाली आत गेली.

आतल्या खोलीत सगळ्यांच्या पिशव्या होत्या. धुलाईवाला खाटेवर डोळे मिटून पडला होता. तिने चिटणीसाच्या पिशवीतलं मागणीपत्र काढून उलगडलं. काढलेल्या तिघींच्या नावांपुढे पेन्सिलची टिंबं होती. चौथं तिच्या नावापुढे. त्याखालची नावं वाचायच्या आत मागून आवाज आला.

"मेलेल्यांनी हलायचं नसतं, वहिनी."

तो दारात उभा होता, हातात पाण्याचा रिकामा पेला. पेला खाली ठेवून त्याने कागदाची पलीकडची दोन टोकं धरली आणि डोळ्यांनी खूण केली: पुढे या.

तिचं पाऊल खरंच पुढे पडलं. तिला न विचारता. दुसरं पडणार, तेवढ्यात तिने मान खाली घातली. त्याच्याकडे बघायचंच नाही.

"भाऊ, उठा!" ती ओरडली. "इस्त्रीवाले, पत्ते ठेव! सगळे आत या, आपापलं नाव बघा!"

"वहिनी, सोडा. फाटेल."

"तूच सोड!"

दोघांनीही सोडलं नाही. माणसं आत आली आणि त्या ताणलेल्या कागदावर वाकली. इस्त्रीवालीने आपल्या नावावर बोट ठेवलं, पुढच्या टिंबावर सरकवलं, आणि उचलून बघितलं. बोटाला शिसं लागलं होतं, ताजं.

"आजच?" ती म्हणाली. "माझ्या घरात बसून?"