हलका पट्टा

ह्यांनी रानडुकराच्या शिकारीसाठी नवा पट्टा आणलाय. रात्री झाडावर दबा धरून बसताना कमरेला नि मांड्यांना बांधायचा, झाडाला अडकवायचा, मग तोल गेला तरी माणूस लटकून राहतो म्हणे. हातात घेतला तर बाळाच्या दुपट्याएवढा हलका! हा ह्यांचा भार कसा पेलणार? बारशाला पाळण्यात बाळाआधी वरवंटा निजवतात, ते आठवलं.

म्हटलं, "आधी ह्यात पाटा टांगा."

"मी काय तान्हं बाळ हाय व्हय गं?" हे हसले. पण टांगला.

पाटा फांदीखाली संथ झुलत राहिला. दगडाला कसली भीती? जपायचं ते आपण दोरीला बांधतो, नि मग दोरीकडंच बघत बसतो.

दिवस कलला. पाटा उतरवला नि मीच तो पट्टा ह्यांना बांधला, बाळाला लंगोट बांधते तसा.