ज्याला आम्ही सुखाबाई म्हणालो

फोन सकाळी साडेआठला आला. टपरीवाल्या रफिकचा. "सर, सुखदेवभाऊ गेले. घरीच, खुर्चीत बसल्या बसल्या," एवढंच तो म्हणाला. सुखदेव माझा पाचवीपासूनचा मित्र. वणीजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत त्याचं दोन खोल्यांचं घर. मी पोचलो तेव्हा ओट्यावर कणकेची परात झाकून ठेवलेली होती. त्याची बायको शालिनी खाणीच्या दवाखान्यात परिचारिका. त्या दिवशी तिची सकाळची पहिली पाळी होती. सहाच्या आधी तिचा डबा भरून, तिला ड्युटीच्या बसपर्यंत सोडून, लेकीला अभ्यासाला उठवून तो जरा टेकला, तो टेकलाच. शालिनी धावत परत आली ती वांग्याच्या भाजीचा डबा तसाच बंद घेऊन. अंगणात माणसं जमली होती. सुखदेवचे थोरले काका, नामदेवकाका, धीर दिल्याच्या सुरात म्हणाले, "कमावती राह्यली हे बरं झालं. याच्या जाण्यानं काही चूल बंद पडत नाही."

सतरा वर्षं ज्यानं ती चूल पेटवली तो समोर चादरीखाली पडला होता, आणि हा माणूस असं म्हणत होता. कोणी त्यांना गप्प केलं नाही. उलट दोघातिघांनी माना हलवल्या. मीही काही बोललो नाही. आज तीन आठवडे होऊन गेले, पण ते वाक्य आठवलं की अजून माझे कान तापतात.

लग्न झालं तेव्हा सुखदेव एका वजनकाट्यावर कारकून होता. कोळशाचे ट्रक यायचे, आधी रिकामे चढायचे, मग भरून. दोन्ही वजनं लिहून घ्यायची आणि वजाबाकी करायची, हे त्याचं काम. शालिनीची नोकरी नुकतीच लागलेली, तीही तीन पाळ्यांची. मुक्ता झाली आणि वर्षभरात घराची दैना उडाली. सुखदेवची आई अंथरुणाला खिळलेली, तान्ही पोर, ही रात्रपाळीवरून येते तर तो कामावर निघालेला. दोघांनी नोकरी करावी की नाही, यावर एका रविवारी बैठक बसली. खरं सांगायचं तर प्रश्न 'दोघांनी' असा नव्हताच. आपल्याकडे तो कधीच तसा नसतो. शालिनीनं कधी सोडायची एवढंच ठरवायला आम्ही जमलो होतो. आम्ही म्हणजे नामदेवकाका, दोन नातेवाईक, आणि शिकलेला मित्र म्हणून मी. शालिनी आत चहा करत होती. सुखदेवनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, भरला ट्रक पाहून माल किती हाय हे कोणाच्या बापाले सांगता येत नाही. रिकामाही तोला लागते. दवाखान्यातून शालिनीले काढून पाहा, अन् काट्यावरून मले काढून पाहा. माह्या जागी उद्या दुसरा बसते. मी सोडतो."

नामदेवकाका उठून गेले. मला हसू आलं होतं, आणि त्या हसण्याखाली दुसरंच काही होतं. त्याच महिन्यात माझ्या बायकोनं, मीनानं, शाळेतली नोकरी सोडली होती. म्हणजे मी ती सोडायला लावली होती. मुलगा लहान आहे, माझा पगार पुरतो, तुला कशाला दगदग... असं गोड बोलून. मी कॉलेजात ग्रंथपाल, मला शब्दांची वानवा नव्हती. सुखदेवनं तोच प्रश्न माझ्यासमोर बसून उलटा सोडवला आणि माझा सगळा शहाणपणा उघडा पडला. त्याचा मला राग आला होता.

तो राग मी टपरीवर काढला. संध्याकाळी सुखदेव पिशवीत मेथीची जुडी घेऊन रस्त्यानं जात होता. मी म्हणालो, "आता सुखदेव कायचा, सुखाबाई म्हना." माणसं खो खो हसली. आठ दिवसांत ते नाव बाजारात पोचलं, महिन्याभरात लग्नाच्या पंगतीत. पोरंसोरं म्हणायची, भाजीवाल्या म्हणायच्या. नाव कोणी ठेवलं हे हळूहळू लोक विसरले. मी विसरलो नव्हतो. सुखदेवही विसरला नसावा, पण त्यानं मला कधी तसं जाणवू दिलं नाही. कोणी "ओ सुखाबाई" म्हटलं की तो वळायचा आणि हसून ओ द्यायचा.

तो कोणी संत होता असं मात्र लिहायचं नाही. दोन वर्षं तो एकाही लग्नाला गेला नाही. मुक्ता शाळेत जाऊ लागल्यावर त्यानं एका दुकानात काम मागितलं. मधली वर्षं काय केलं, असं मालकानं विचारलं. "घर," म्हणाला, तर मालक हसला, आणि हा तिथल्या तिथे उठून आला. चिडका होता. भाजीत मीठ कमी आहे असं शालिनी म्हणाली तर दिवसभर फुगून बसायचा. कोथिंबिरीच्या दोन काड्यांसाठी भाजीवालीशी अर्धा तास घालायचा. आईचं हगणंमुतणं त्यानं सहा वर्षं काढलं, ती गेली तेव्हा मात्र पाहुण्यांनी शालिनीचे आभार मानले. एकदा मी त्याला विचारलंच, "राग येत नाही का रे तुले?" तो पोळी लाटत होता. म्हणाला, "येते ना बाप्पा. पण रागात पोळी करपते, अन् मंग तेच खा लागते." त्या दिवशी मी सांगून टाकायला हवं होतं, नाव मी ठेवलं, चुकलो म्हणून. पोळ्या चांगल्या झाल्यात असं काहीतरी बोलून मी घरी आलो.

तो गेल्यावर मृत्यूची नोंद करायला मीच गेलो. अर्जात मृताचा व्यवसाय असा रकाना असतो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, मी म्हणालो, "घरकाम." त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "बाईमानसाचं लिवतेत तसं. मानसाचं नाही लिवत, साहेब." आणि त्यानं निरंक, म्हणजे काही नाही, असं लिहिलं. निरंक. मी त्याच्याशी भांडलो, रांग खोळंबली, मागचे लोक ओरडले. शेवटी त्यानं रागारागानं खोडून घरकाम लिहिलं. त्या बिचाऱ्यानं तर एकदाच लिहिलं होतं, आम्ही सतरा वर्षं रोज लिहीत होतो.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला माईक होता. तिघांनी भाषणं केली. समता, स्त्री-पुरुष बरोबरी, बाबासाहेबांनी बायांना दिलेले हक्क, सगळं झालं. चौथा वक्ता जिव्हाळ्यानं म्हणाला, "आपला सुखाबाई मोठ्या मनाचा माणूस होता," आणि मांडवात हलकं हसू पसरलं. पुढच्या रांगेत मुक्ता बसली होती. तिनं मान खाली घातली. मला उठून त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. पण धरायचा तर आधी कोणाचा धरायला हवा, हे मला ठाऊक होतं.

जेवणं झाल्यावर नामदेवकाकांनी पुन्हा बैठक घातली. तेच अंगण, तीच माणसं, सुखदेव तेवढा नव्हता. "पोरीची बारावी हाय," ते म्हणाले. "घरात मानूस पाह्यजे. शालिनीनं आता नोकरी सोडावी. सर, तुम्ही समजावा इले. तुम्ही तवाही होते." या वेळी शालिनी आत चहा करत नव्हती. दारात उभी होती. म्हणाली, "मी आता सोडू, त मंग यायनं सतरा वर्सं घर कायले धरलं होतं?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "काका, घरात माणूस पाहिजे हे आज कळलं का तुम्हाला? परवा तर म्हणत होते, चूल बंद पडत नाही." आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही बोललो. "सुखाबाई हे नाव मी ठेवलं. सुखदेवनं आपली नोकरी सोडली आणि मी माझ्या बायकोला तिची सोडायला लावली, म्हणून ठेवलं." शालिनीनं माझ्याकडे फक्त पाहिलं. "यायले मालूम होतं," सुखदेवच्या फोटोकडे हात करून ती म्हणाली.

शालिनी दहाव्या दिवशी कामावर गेली. परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. स्वयंपाकघरात खिळ्याला सुखदेवचा तक्ता अजून लटकतो आहे. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पट्टीनं आखलेला, सुतळीला पेन्सिल बांधलेली. तारीख, पाळी, डबा असे तीन रकाने. पुढच्या महिन्याच्याही रेघा तो आखून गेला आहे. मुक्तानं त्यात चौथा रकाना घातलाय, 'कोण'. कुठे मम्मी, कुठे मी, असं लिहिलेलं. "काका, गुरुवार रिकामा हाय," ती म्हणाली. "मले सकायी प्रॅक्टिकल राह्यते." ती मला सांगत होती की नुसतं बोलत होती, कळलं नाही. मी पेन्सिल घेतली आणि माझं नाव लिहिलं.

घरी येऊन मीनाला म्हणालो, मला पोळ्या शिकव. तिनं परात काढली, पीठ चाळलं. मग म्हणाली, "माही शाळा सुटली तवा नाही सुचलं हे तुमाले." परात मात्र तिनं पुढे सरकवली. बुधवारी माझ्या पोळ्या नकाशासारख्या झाल्या, गुरुवारी पहाटे त्यातल्या त्यात बऱ्या. डब्याची पिशवी हातात घेऊन मी टपरीवरून निघालो. बाकावर दोघं-तिघं चहा पीत बसले होते. त्यातल्या एकानं पिशवीकडे पाहिलं आणि हाक मारली, "ओ सुखाबाई..."

मी थांबलो. वळून ओ दिली. सुखदेवसारखी हसून मात्र देता आली नाही.