माउलीच्या सणाआधी एक बुडी

स्प्लितच्या बंदराला बोट लागली की उतरणाऱ्यांना आधी नेदिल्का दिसायची, मग गाव. गळ्यात दोरीने अडकवलेला पुठ्ठा, त्यावर चार भाषांत 'खोली' हा शब्द. त्यातल्या दोन भाषांत चूक होती, पण नवऱ्याने, तोनीने, स्वतःच्या हाताने लिहिलेलं म्हणून तिने ते कधी सुधारू दिलं नाही.

प्रवाशांचं सामान सांभाळायची माझी खिडकी धक्क्यावरच आहे. तिथून मला ती दिवसभर दिसे. पूर्वी अशा पुठ्ठेवाल्या बायकांची रांग लागायची आणि गिऱ्हाइकावरून झिंज्या ओढायची वेळ यायची. आता रांग संपली. पोरं फोनमध्ये खोली ठरवूनच बोटीतून उतरतात आणि या बायकांच्या अंगावरून पुढे जातात. राहिल्या नेदिल्का आणि मारे. त्यातली मारे फक्त गप्पा मारायला येते.

उन्हाळा लागला की नेदिल्का स्वतःची खोली पाहुण्यांना द्यायची आणि आपण स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर झोपायची. बाकडं तिच्यापेक्षा अरुंद. उशाशी फ्रिज घरघरतोय. पाहुण्यांची ये-जा स्वयंपाकघरातूनच, त्यामुळे कुणी दार ढकललं की ही उठून बसणार. सकाळी चादरी धुवायच्या, दुपारी धक्क्यावर, संध्याकाळी परत चादरी. मुलगा येरे आयर्लंडात आहे, तो म्हणतो, आई, बास कर, मी पैसे पाठवतो. ही म्हणते, पाठव, आणि पुठ्ठा गळ्यात अडकवून निघते. रिकामं घर तिला खायला उठतं, हे ती त्याला सांगत नाही. मला मात्र सांगते.

ती मूळची व्हिस बेटावरची. लहानपणी दिवस दिवस पाण्यात असायची. तोनीने तिला पहिल्यांदा पाहिलं तेही पाण्यातच. लग्नानंतर मार्यान टेकडीमागे पाइनच्या झाडांखाली एक सपाट दगड होता, तिथे दोघं पोहायला जात. तोनी गेला, पाहुणे आले, आणि पोहणं राहून गेलं. यात नवल काही नाही. आमच्याकडे जो समुद्रावर पोट भरतो तो उन्हाळ्यात समुद्रात पाय घालत नाही. वेटर नाही, आचारी नाही, मीही नाही. वेळ कुणाला आहे?

पण दर वर्षी जून आला की नेदिल्का माझ्या खिडकीशी येऊन जाहीर करायची, "लुत्से, यंदा माउलीच्या सणाआधी एक बुडी मारायचीच."

ऑगस्टात मारिया माउलीचा सण येतो. सणाच्या आदल्या संध्याकाळी देवळांच्या घंटा वाजल्या की समुद्र उलटतो, मग म्हाताऱ्या हाडांनी पाण्यात उतरू नये, असं आमच्या आया सांगायच्या. आजची पोरं हसतात आणि ऑक्टोबरपर्यंत डुंबतात. नेदिल्का मात्र आईचा शब्द मोडणारी नव्हे. आणि सणाआधीचे दिवस म्हणजे हंगामाची ऐन गर्दी. त्यामुळे तिची बुडी म्हणजे आज रोख उद्या उधार.

"शवपेटीत घालून सोडू का तुला पाण्यात?" मी म्हणायचे.

"चादरी वाळल्या की जाते," ती म्हणायची.

यंदा सणाच्या तीन दिवस आधी ते चौघे उतरले. चेक पोरं. पाठीवर हीऽ बोचकी, बोचक्यांना पातेली टांगलेली. चेकांना आम्ही ओळखतो. सांडलं नसतं तर पिण्याचं पाणीही घरून आणलं असतं त्यांनी. बटाटे, मांसाच्या लगद्याचे डबे, सुकं सॉसेज, सगळं बरोबर. त्यांची आणि आमची भाषा चुलत बहिणी. निम्मं कळतं, निम्मं हातवाऱ्यांनी निभावतं. पुढारी होती वेंदुला, उंच, लाल केसांची, तोंडाळ.

"आजी, चौघांना खोली मिळेल?"

"पलंग एकच आहे गं. मोठा आहे, पण एक."

"चालेल की. आडवे झोपू."

"पाय बाहेर लोंबतील तुमचे."

"राहिलेत कुठे, आजी? व्हिएन्नापासून चालून चालून निम्मे झिजलेत."

नेदिल्काने भाडं सांगितलं, वेंदुलाने ते अर्ध्यावर आणलं. एरवी नेदिल्का कुणाला ऐकली नसती. त्या दिवशी ती नुसतं "बरं" म्हणाली आणि पायऱ्या चढायला लागली. तेव्हाच मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं.

रात्रभर खिडक्यांवरून लढाई झाली म्हणे. पोरांनी दोन्ही बाजूंच्या उघडल्या. समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा मानेवर आला की माणूस कामातून जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ही उठून लावायची, ती पोरं उकडतंय म्हणून परत उघडायची. शेवटी हिनेच हात टेकले आणि डोक्याला फडकं गुंडाळून बाकड्यावर बसून राहिली.

सकाळी वेंदुलाने विचारलं, "आजी, जिथे छत्रीखुर्चीचे पैसे मागत नाहीत असा किनारा सांगा ना. तुम्ही कुठे जाता?"

नेदिल्काने सांगितलं. टेकडीमागे लहान देऊळ, तिथून खाली पायवाट, पाइनची झाडं, सपाट दगड. कुणी येत नाही तिथे.

चौघे पाव आणि डबे घेऊन निघाले आणि भर उन्हात लाल होऊन परत आले. त्यांच्यातला रादिम, मुलखाचा अबोल पोरगा, पायरीवर बसून बूट काढत होता.

"आजी, तिथे पायवाट नाही. भिंत आहे."

"वाट चुकला असाल रे."

"देवळापासूनच गेलो. भिंतीमागे हॉटेल आहे. पहारेकरी म्हणाला, दगड तर केव्हाच फोडला, नावा लावायला धक्का केला तिथे."

वेंदुला हसत सुटली. "आजी, तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात तिथे? आजोबांबरोबर?"

पोरीने थट्टा केली, वाईट मनाने नव्हे. पण नेदिल्का हातात ओली चादर घेऊन तशीच उभी राहिली. मग ती चादर पिळायचीही विसरून माझ्याकडे आली आणि कुणाच्या तरी सुटकेसवर बसली.

"लुत्से, आमचा दगड फोडला म्हणे. तुला माहीत होतं?"

"अख्ख्या गावाला माहीत होतं."

"मग मला नाही सांगितलंस?"

"अगं, तू काय अमेरिकेत राहतेस?"

बोलून गेले आणि जीभ चावली. दिव्याखाली अंधार असतो, पण तो असा बोट घालून दाखवायचा नसतो. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, तेवढंही त्राण नव्हतं.

"मी थकले गं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सणाची पूर्वसंध्या. दुपारची बोट लागली आणि धक्क्यावर नेदिल्काची जागा रिकामी. मारे धावत आली. "कोण गेलं?"

"पोहायला गेली," मी म्हटलं. मारेने छातीवर क्रूस काढला.

वेंदुलानेच तिला ओढून नेलं होतं. "आजी, तुमचा किनारा गेला, तर आमच्याबरोबर दुसरा शोधा." खिडकी लवकर बंद करून मीही गेले. टेकडीपलीकडे, हॉटेलच्या भिंतीच्याही पुढे, पाइनच्या सावलीत चौघे गोल बसून डब्यातला लगदा पावाला लावत होते आणि एकमेकांना गप्प करत होते. मध्ये नेदिल्का झोपलेली. अंगात जुना काळा पोहण्याचा पोशाख, खांद्यावर सैल झालेला, दोरीने बांधून घेतलेला. पाणी तिच्या पायांपासून दोन हातांवर.

"आल्या आल्या म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी जरा पाठ टेकते," वेंदुला कुजबुजली. "तेव्हापासून अशाच. घंटा वाजायच्या आत पोहायचं असतं ना? उठवू का? किती वेळा हात पुढे केला, पण धीर होत नाही."

"तुम्ही निघा. आजची तुमची आंकोनाची बोट चुकेल."

त्यांनी पातेली गोळा केली, एकही वाजू न देता. रादिमने आपला कोरडा टॉवेल तिच्या अंगावर घातला आणि परत मागितला नाही. मग चौघे पायवाटेने वर गेले.

मी तिच्याशेजारी बसले. तोंड उघडं, घोरणं बारीक, चेहऱ्यावरच्या सगळ्या गाठी सुटलेल्या. ऊन उतरत होतं. उठवलं तर बुडी मारेल, आणि लगेच किती वाजले म्हणून विचारेल. नाही उठवलं तर हेही वर्ष गेलं, आणि आमच्या वयात पुढच्या वर्षाची हमी कुणी द्यावी? मला राग आला. येरेचा, बोटींचा, पलंगावर आडव्या पडणाऱ्या जगभरच्या पोरांचा, आणि माझाही. दोनदा तिच्या खांद्यापर्यंत हात नेला. दोनदा मागे घेतला.

खाली गावात एक घंटा वाजली. मग बाकीच्या देवळांनी सूर धरला. तिने डोळे उघडले.

"वाजली?"

"वाजली. जा गं, मार बुडी. कोण बघतंय? माउलीसुद्धा बाईच आहे, समजून घेईल."

ती कोपरावर उठली. पाण्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडेल.

"लुत्से, मी इतकी वर्षं उगाच पोहण्याचं नाव घेत होते. मला पोहायचं नव्हतंच गं. मला फक्त असं पडायचं होतं. दाराचा कानोसा न घेता."

"मग घरी जाऊन पड ना, वेडे! पोरं गेली, पलंग रिकामा आहे."

"त्या पलंगावर आता मला झोप येत नाही," ती म्हणाली. "कुणीतरी येईल आणि उठवेल असं वाटतं."

मी जाकीट काढून तिच्या डोक्याखाली सारलं, आणि ती पुन्हा झोपली.